टू-स्ट्रोक डर्ट बाईकचं जेटिंग: मेन जेटला हात लावण्याआधी

गाडी मधेच गुदमरते असं नुसतं म्हणायचा अवकाश, समोरून सल्ला येतो, "मेन जेट बदल, भावा." जेट म्हणजे कार्बोरेटरमधला, बारीक भोकातून पेट्रोल मापून सोडणारा पितळी तुकडा. कोल्हापुरात यामाहाच्या आरएक्स १०० च्या काळापासून हा सल्ला चालत आलाय. पण गाडी गुदमरते कुठे, हे कुणी विचारत नाही. वळणातून बाहेर पडताना एक्सलेटर जेमतेम पावभर उघडलेला असतो आणि तिथेच ती "ब्वाऽऽ" करून बसते. त्या जागी मेन जेटचा जवळजवळ काहीच संबंध नसतो. दीडशेचा घाला नाहीतर एकशेऐंशीचा, गाडी तशीच बसणार.

इंजिन किती फिरतंय हे कार्बोरेटरला कळत नाही. स्लाईड, म्हणजे एक्सलेटर पिळला की कार्बोरेटरमध्ये वर सरकणारी झडप, किती वर उचललीय, त्यावर पेट्रोल कुठून यायचं ते ठरतं. स्लाईड बंद असल्यापासून साधारण एक अष्टमांश उघडेपर्यंत स्लो जेट आणि एअर स्क्रू यांचा अंमल. तिथून पावाच्या थोडं पुढेपर्यंत स्लाईडच्या खालच्या कडेला दिलेली तिरकी काप. पाव ते पाऊण स्लाईडला लटकलेली सुई, तिची जाडी आणि तिची उंची ठरवणारी क्लिप. पाऊणच्या पुढे मेन जेट. हद्दी एकमेकांत थोड्या घुसतात, पण हिशेब हाच. कोल्हापूरच्या आसपास माळावर किंवा शेतात आखलेल्या ट्रॅकवर सरळ पट्टा छोटा आणि वळणं जास्त, त्यामुळे गाडी बहुतेक वेळ पाव ते अर्ध्या एक्सलेटरवरच असते. म्हणून इथली निम्म्याहून जास्त कामं स्लो जेट आणि सुईवरच संपतात.

एक्सलेटर किती उघडलाय हे हाताला कळतं असं वाटतं, प्रत्यक्षात कळत नाही. अर्धा समजून लोक पाऊण पिळतात. एक्सलेटरच्या हाऊसिंगवर पांढऱ्या टेपची एक पट्टी लावा आणि तिच्यावर पेनाने पाच रेघा मारा: बंद, पाव, अर्धा, पाऊण, पूर्ण. रबरी ग्रिपवर त्यांच्यासमोर एक रेघ. एअर फिल्टरचा बूट काढून कार्बोरेटरच्या तोंडात डोकावलं की स्लाईड किती उचलली ते दिसतं, त्यावरून रेघा जुळवा. गाडी बिघडली की आधी टेपकडे बघायचं. दुखणं कुठल्या रेघेवर आहे ते कळलं की कुठल्या भागाला हात लावायचा तेही कळतं.

जेटची डबी उघडण्याआधी मात्र गाडी निरोगी आहे ना ते बघा. बाहेरून हवा ओढणाऱ्या इंजिनचं जेटिंग होतच नाही. मोठा जेट घालून ती गळती झाकली जाते, गाडी चार दिवस बरी चालते आणि पाचव्या दिवशी पिस्टन जाम होतो. पहिली संशयाची जागा म्हणजे कार्बोरेटर आणि सिलिंडरमधला रबरी जॉइंट. तो वाकवून बघा, बारीक भेगा आतल्या वळणात लपलेल्या असतात. दुसरी जागा मॅग्नेटच्या बाजूचं क्रँकचं ऑइल सील. ते गेलं की हवा आत शिरते, मिश्रण लीन होतं (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आणि एक्सलेटर सोडला तरी इंजिन वरच्या वर टांगून राहतं. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर उलटा प्रकार: गिअरचं तेल आत ओढलं जातं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि गिअरबॉक्समधलं तेल कमी होत जातं.

खात्री करायची तर प्रेशर टेस्ट करा. सिलिंडरचं सायलेन्सर बसतो ते तोंड आणि कार्बोरेटरच्या बाजूचा जॉइंट रबरी बुच्च्यांनी घट्ट बंद करायचा, हातपंपाने ६ पीएसआय हवा भरायची आणि घड्याळ लावायचं. मिनिटाला १ पीएसआयपेक्षा जास्त उतरत असेल तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे कुठे येतात ते शोधा. ६ पीएसआयच्या वर जाऊ नका, जास्त दाबाने सीलच जागेवरून निघतं. बुच्च्या कोल्हापुरातल्या उद्यमनगरात कुठल्याही लेथवाल्याकडून अॅल्युमिनियमच्या करून मिळतात, ओ-रिंग बसवून घ्यायची.

रीड व्हॉल्व (कार्बोरेटरनंतरची पाकळ्यांची एकमार्गी झडप) काढून उजेडासमोर धरा. पाकळीखालून उजेडाची रेघ दिसली किंवा पाकळीचं टोक उडालेलं दिसलं तर ती बदला. एअर फिल्टर धुऊन, तेल लावून घ्या. उन्हाळ्यात आपल्याकडची धूळ पिठासारखी बारीक असते, दोन राईडमध्ये फिल्टर गच्च होतो आणि गाडी सगळीकडेच रिच (पेट्रोल जास्त) वाटायला लागते. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीत, म्हणजे बाऊलमध्ये, पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची उंची मॅन्युअलप्रमाणे ठेवा. मोजताना कार्बोरेटर तिरपा धरायचा, म्हणजे फ्लोटची जीभ सुईव्हॉल्वला नुसती टेकते, तिची स्प्रिंग दाबत नाही. इथे एक मिलिमीटर चुकला तरी सगळ्या सर्किटचं पेट्रोल बदलतं. सायलेन्सरमधलं ग्लासवूल तेलाने भिजलं असेल तर तेही बदला.

जुन्या आरएक्सच्या कार्बोरेटरवर प्रयोग करणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट तपासायची. सुई ज्या पितळी नळीतून खालीवर होते, त्या नळीचं भोक वर्षानुवर्षांच्या घासणीने लंबगोल होतं. मग पाव ते अर्ध्यावर गाडी कायम रिच चालते, क्लिप कितीही वर करा. सुई आणि नळी जोडीनेच बदलावी लागते.

आता क्रम. जाणकारांतही यावर दोन मतं आहेत. काहीजण मेन जेटपासून सुरुवात करतात. मेन जेट मुद्दाम दोन नंबर, म्हणजे बाजारात मिळणारी पुढची दोन मापं, मोठा ठेवून स्लो जेटपासून सुरुवात करणं मला जास्त सुरक्षित वाटतं. पूर्ण एक्सलेटरवर इंजिन जळण्याची भीती तेवढी कमी होते. स्लो जेट, मग मेन जेट आणि शेवटी सुई, कारण सुईच्या दोन्ही टोकांना त्या दोघांची सावली पडते.

स्लो जेटचं काम इंजिन पूर्ण तापल्यावरच करायचं, निदान दहा मिनिटं गाडी चालवून आल्यावर. कार्बोरेटरवर दोन स्क्रू दिसतात. स्लाईडच्या बाजूचा मोठा स्क्रू आयडलचा. एअर फिल्टरच्या बाजूचा बारीक पितळी तो एअर स्क्रू. आयडल थोडा चढवून ठेवा. एअर स्क्रू हलक्या हाताने शेवटपर्यंत आत न्या. आवळू नका, त्याचं टोक सुईसारखं असतं आणि बसण्याची जागा कायमची खराब होते. तिथून दीड फेरा बाहेर काढा. मग पाव-पाव फेरा फिरवायचा आणि प्रत्येक वेळी चार-पाच सेकंद थांबायचं. आवाज चढत जातो, एका जागी सगळ्यात वर जातो आणि पुढे पुन्हा ढेपाळतो. सगळ्यात वर जाणारी जागा तुमची. टू-स्ट्रोकच्या या स्क्रूमधून हवा जाते, म्हणून बाहेर काढला की लीन, आत नेला की रिच. फोर-स्ट्रोकच्या कित्येक कार्बोरेटरवर इंजिनच्या बाजूला पेट्रोलचा स्क्रू असतो, त्याचं गणित बरोबर उलटं. अनुभवी फिटरचाही इथे गोंधळ होतो.

आता फेरे मोजा. सगळ्यात चांगली जागा एका फेऱ्याच्या आत सापडली तर स्लो जेट लहान पडतोय, एक नंबर मोठा घाला. दोन फेऱ्यांच्या पुढे सापडली तर जेट मोठा आहे. एक ते दोनच्या मध्ये आली की जेट बरोबर, आणि हवामान बदलेल तसं पाव फेऱ्याने सांभाळून घेता येतं. स्क्रू कितीही फिरवला तरी आवाजात काहीच फरक पडत नसेल तर स्लो जेट किंवा त्याची हवेची वाट तुंबलेली आहे.

लीन स्लो जेटची खूण: एक्सलेटर सोडल्यावर आवाज लगेच खाली येत नाही, थंड गाडी बराच वेळ चोक मागते आणि झटकन पिळलं की क्षणभर मेल्यासारखी होते. रिचची खूण: उतारावर एक्सलेटर बंद करून आलात की खाली पुन्हा उघडताना गाडी भरून येते, दोन-चार वेळा रेस केल्याशिवाय साफ होत नाही, प्लग ओला निघतो आणि सायलेन्सरच्या टोकातून काळं तेल ठिबकतं. हे ठिबकणं बघून लोक तेल कमी करतात. बहुतेक वेळा दोष तेलाचा नसतो, न जळलेल्या पेट्रोलचा असतो.

मेन जेटसाठी मोकळी आणि सुरक्षित सरळ जागा हवी, रहदारीचा रस्ता नको. तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये पूर्ण एक्सलेटर उघडून बघा. वरच्या टप्प्यात "भर्रर्र" होऊन फाटल्यासारखा आवाज आला आणि पुढे चढेना तर रिच. आवाज कोरडा, पोकळ आणि शेवटी ताकद गळून पडली तर लीन. लीनची शंका आली की लगेच एक्सलेटर सोडून क्लच दाबा, त्या आवाजात आणखी पाच सेकंद काढू नका. रिचची खात्री करण्याची एक जुनी पद्धत आहे. टाकीचा कॉक बंद करून त्याच पट्ट्यावर जायचं. बाऊलमधली पातळी उतरताना, गाडी बंद पडण्याआधी क्षणभर जर ती चटकन खुलली, तर आधी रिच होती हे ठरलं. खुलताक्षणी एक्सलेटर सोडायचा, कारण पुढचा टप्पा लीनचा असतो.

प्लग वाचणं ही यातली सगळ्यात खात्रीची पायरी, आणि सगळ्यात चुकीच्या पद्धतीने केली जाणारीही. घरी येऊन, आयडलवर बंद केलेल्या गाडीचा प्लग काढून "चॉकलेटी आहे, बरोबर आहे" म्हणण्यात काही अर्थ नाही. तो रंग आयडलचा असतो. इंजिन आधी जुन्या प्लगवर तापवा. मग नवा कोरा प्लग लावून पूर्ण एक्सलेटरवर आठ-दहा सेकंद न्या आणि एकाच वेळी क्लच दाबून किल स्विच मारा. गाडी तशीच घरंगळू द्या. आता प्लग काढा. टोकाचं पांढरं चिनीमाती बघून घाबरू नका, हल्लीच्या पेट्रोलवर ते पांढरंच राहतं. खरी गोष्ट आत असते. प्लग व्हाइसमध्ये धरून हॅकसॉने आट्यांचा भाग गोल कापून काढा. चिनीमाती खाली जिथे धातूत शिरते, तिथे बुडाशी एक तपकिरी कडं दिसेल. दोनेक मिलिमीटर रुंद, कडेला सावलीसारखं विरत जाणारं कडं असेल तर मेन जेट बरोबर. कडं नसेलच तर लीन. काजळीचा जाड काळा पट्टा असेल तर रिच. गुऱ्हाळावर गुळव्या काहिलीतल्या पाकाचा वरचा फेस बघून थांबत नाही, थेंब पाण्यात सोडून त्याची गोळी होते का ते बघतो. प्लगचंही तसंच, वरच्या रंगावर निकाल देऊ नये. एका प्लगची किंमत जाते हे खरं, पण पिस्टन आणि सिलिंडरच्या बोअरिंगच्या मानाने ती काहीच नाही.

मेन जेट एका वेळी एकच नंबर बदला आणि एका वेळी एकच वस्तू बदला. जेट आणि क्लिप एकाच दिवशी बदलली की फरक कशाने पडला ते कधीच कळत नाही. जास्त गरम नंबरचा प्लग लावून रिचपणा झाकू नका. एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा मोठा तितका प्लग थंड, हे लक्षात असू द्या. नऊच्या जागी सात लावून गाडी साफ चालल्यासारखी वाटते आणि पूर्ण एक्सलेटरवर पिस्टनचा माथा वितळतो.

सुई शेवटी. खाचा वरून मोजतात, म्हणजे बोथट टोकाकडून पहिली. क्लिप खालच्या खाचेत सरकवली की सुई वर उचलली जाते आणि गाडी रिच होते. मधल्या खाचेपासून सुरुवात करा. अर्ध्या रेघेवर एकसारखा एक्सलेटर धरून सपाटीवर चालवा. आवाज अडखळत, एक सोडून एक ठिणगी पेटल्यासारखा आला तर क्लिप एक खाच वर. इंजिनमधून नाणी वाजल्यासारखा "टणटण" आवाज आला, किंवा गाडी ओढ सोडून तापायला लागली, तर लगेच थांबा आणि क्लिप एक खाच खाली करा. एक खाच जास्त आणि मागची कमी वाटत असेल तर क्लिपखाली अर्ध्या मिलिमीटरचं बारीक वॉशर घालून मधला टप्पा मिळतो. सुई आणि स्लो जेट दोन्ही बरोबर असूनही पावाच्या अलीकडे खड्डा राहिला तर स्लाईडची काप बघावी लागते. कापीचा आकडा मोठा तितकं लीन. पण ही वेळ क्वचित येते, आणि स्लाईड महागही असते.

आता इथल्या हवेकडे येऊ. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० ते ५७० मीटर उंच, म्हणजे हवा रत्नागिरीपेक्षा पाचेक टक्के विरळ. हवा १० टक्के विरळ झाली तर मिश्रण १० टक्के रिच होत नाही, साधारण ५ टक्केच होतं, कारण विरळ हवेची जेटवरची ओढही कमी पडते. शिवाय केहीन या कंपनीच्या कार्बोरेटरमध्ये जेटवरचा आकडा भोकाचा व्यास असतो, १७० म्हणजे १.७० मिमी, आणि पेट्रोल क्षेत्रफळाप्रमाणे येतं. म्हणून ५ टक्के पेट्रोल कमी करायला आकडा अडीच टक्केच उतरवायचा: १७० चा १६५. या हिशेबाने कोल्हापूरची उंची १७० वर जेमतेम दोन-अडीचचा फरक पाडते. जानेवारीतली १५ अंशांची सकाळ आणि एप्रिलमधली ३८ अंशांची दुपार यांत मात्र घनतेचा सातेक टक्के फरक असतो, म्हणजे साधारण एक ते दोन नंबर. थंडीच्या सकाळी बरोबर बसवलेली गाडी उन्हात थोडी रिच होते, ते चालतं. उन्हाळ्यात बसवलेली गाडी तशीच थंडीत पळवली तर ती लीन होते, ते चालत नाही.

पन्हाळा शहरापेक्षा तीन-चारशे मीटर उंच. तेवढ्यासाठी जेट बदलू नका, एअर स्क्रू पाव फेरा बाहेर पुरतो. गाडी टेम्पोत घालून आंबा घाटाने किंवा गगनबावड्याने खाली कोकणात नेताय, तर उतरण्याआधी मेन जेट एक नंबर मोठा करा. खाली हवा दाट, म्हणजे गाडी लीन. पावसाळ्यात हवेतली वाफ ऑक्सिजनची जागा खाते आणि गाडी किंचित रिच वाटते, त्यासाठीही स्क्रूच पुरे.

यापेक्षा मोठी गोष्ट सध्या पेट्रोलची आहे. पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला साधारण ९ किलो. मिसळून ती साडेतेराच्या घरात येते. म्हणजे जुन्या जेटवर गाडी बिनइथेनॉलच्या तुलनेत सातेक टक्के लीन. १७० च्या केहीनवर हे साधारण सहा आकडे होतात. उंचीमुळे दोन-अडीच उतरवायचे आणि इथेनॉलमुळे सहापर्यंत चढवायचे, असा हा हिशेब आहे. "आपण उंचावर आहोत म्हणून जेट लहान करा" हा परदेशी गाड्यांबद्दलचा सल्ला आता आपल्या पंपावर उलटा पडतो. स्लो जेटलाही हेच लागू.

तेलाचं प्रमाणही जेटिंगचाच भाग आहे. ३२ ला १ म्हणजे लिटरमागे ३१ मिली, ४० ला १ म्हणजे २५ मिली, ५० ला १ म्हणजे २० मिली. तेल वाढवलं की तेवढी पेट्रोलची जागा जाते, म्हणजे मिश्रण लीन होतं, रिच नाही. ५० वरून ३२ वर गेलात तर पेट्रोल साधारण एका टक्क्याने घटतं. एक प्रमाण ठरवा आणि मोजपात्राने मापा, बाटलीच्या झाकणाने नको. पावसाळ्यात मिसळलेलं पेट्रोल दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवू नका. इथेनॉल पाणी ओढतं, प्रमाण वाढलं की पाणी आणि इथेनॉल मिळून तळाशी बसतं, आणि कॉक तळातूनच घेतो. त्या थरात तेल नसतं.

जेट घेताना केहीन आणि मिकुनी या दोन कंपन्यांचे आकडे एकमेकांशी ताडून बघू नका. मिकुनीच्या षटकोनी मेन जेटवरचा आकडा प्रवाहाचा असतो. म्हणून यामाहाच्या वायझेड २५० या डर्ट बाईकच्या केहीनमध्ये पावणेदोनशेच्या आसपासचे आकडे दिसतात, तर वायझेड १२५ च्या मिकुनीत चारशेच्या पुढचे. मिकुनीचा षटकोनी आणि गोल जेट यांचे आकडेही वेगळे. बाजारात नकली जेट पुष्कळ आहेत, १६५ आणि १७० चं भोक एकच निघतं. केहीनचा जेट पिन गेजने (नेमक्या जाडीच्या मोजमापाच्या सळीने) तपासता येतो, आणि पिन गेज शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कुठल्याही कारखान्याच्या इन्स्पेक्शन टेबलावर असतात. जेट ड्रिल मारून मोठा करू नका, कडेला राहिलेला धातूचा बारीक बर प्रवाह बदलून टाकतो. तारेने साफही करू नका. क्लीनर स्प्रे आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा पुरते.

डबीत, गाडीला बसवलेल्या मेन जेटच्या खालचे दोन आणि वरचे तीन नंबर, स्लो जेटचे एक वर एक खाली, दोन कोरे प्लग आणि बाऊलचं एक गॅस्केट असू द्या. डबीच्या झाकणाच्या आत कागद चिकटवा: तारीख, वेळ, तापमान, मेन, स्लो, क्लिपची खाच, स्क्रूचे फेरे, तेलाचं प्रमाण. पुढच्या जानेवारीत तोच कागद बघून गाडी दहा मिनिटांत जागेवर येते.